आधी साधी बिअर मागवावी

टॅपरूममध्ये, म्हणजे ताजी बिअर थेट नळातून देणाऱ्या बारमध्ये, शिरल्यावर मेनूकार्ड उघडण्याआधी नळांकडे बघावं. बारच्या मागे आठ-दहा नळ ओळीने असतात आणि त्यांच्याखाली सांडलेली बिअर धरणारी स्टीलची जाळी. नळाच्या तोंडाला वाळलेला चिकट थर आहे का, जाळीतून आंबूस वास येतो का, आजूबाजूला चिलटं घोंगावतायत का, हे उभ्या उभ्या कळतं. नळाची तोंडं स्वच्छ ठेवणं हे बारमधलं सगळ्यात सोपं काम. तेच जिथे होत नाही, तिथे भिंतीमागच्या, कुणाला न दिसणाऱ्या नळ्या कोण धूत असेल?

मुंबईत ताज्या बिअरची सगळी झटापट उष्णतेशी आहे. वाइन शॉपमधली बाटलीतली बिअर बहुतेक वेळा गाळलेली आणि साधारण ६० अंश सेल्सिअसला पाश्चराइझ केलेली असते, म्हणून ती महिनोन्महिने टिकते. टॅपरूममधली बिअर सहसा तशी नसते. तिच्यात बिअर आंबवणारं यीस्ट जिवंत असतं आणि ३-४ अंशांवर ठेवली तरच ती काही आठवडे चांगली राहते. बाहेर मे महिन्याचा उकाडा, आत जागेच्या भाड्यापायी कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलेल्या टाक्या. अशा शहरात चांगली बिअर ग्लासात येते तेव्हा कुणीतरी थंडावा शेवटच्या फुटापर्यंत राखलेला असतो. तो कुठे सुटला हे चवीवरून ओळखता येतं. ओळखणारं गिऱ्हाईक वाढलं की बारवालेही जागरूक होतात, असा माझा ठाम विश्वास आहे.

शहरात हे सगळं तसं अलीकडचं. डूलाली या ब्रूअरीने २००९मध्ये पुण्यात सुरुवात केली. मुंबईत लोअर परळच्या द बार्किंग डिअरने २०१३च्या सुमारास स्वतःची बिअर बनवायला घेतली. मग अंधेरीत डूलाली आली, बंगळुरूचं टॉइट मथुरादास मिल कंपाउंडमध्ये आलं, आणि गेटवे ब्रूइंगने डोंबिवलीत ब्रूअरी टाकून शहरातल्या बारना केग, म्हणजे बिअरची स्टीलची पिंपं, पुरवायला सुरुवात केली. यातून जागांचे दोन प्रकार झाले. काही ठिकाणी काचेपलीकडच्या टाक्यांतच बिअर तयार होते, काही ठिकाणी ती दुसरीकडे बनते आणि केगमधून येते. दोन्हींत चांगली बिअर मिळू शकते, पण विचारायचे प्रश्न वेगळे. जिथे बिअर जागेवर बनते तिथे ‘ही टाकी कधी भरली?’ असं विचारावं. जिथे केग येतो तिथे ‘हा केग कधी लावला?’ असं. ३० लिटरच्या केगमधून ३३० मिलीचे जेमतेम नव्वद ग्लास निघतात. खपणारी बिअर एका संध्याकाळी संपते, न खपणारी आठवडाभर तशीच नळीत आणि केगमध्ये पडून राहते. म्हणून मंगळवारी दुपारी जाऊन कुणीच न मागितलेला स्टाउट (काळी, कडसर बिअर) मागवायचा असेल तर आधी घोटभर चाखायला मागावा. बहुतेक जागी तो विनातक्रार देतात.

मुंबईचं पाणी ही बिअर करणाऱ्याच्या दृष्टीने मोठी देणगी आहे. भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर इथून येणारं पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेल्या पावसाचं, त्यामुळे मऊ, क्षार कमी असलेलं. फिकट लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) आणि गव्हाच्या बिअरसाठी असंच पाणी लागतं. चेक देशातल्या पिल्झनचं पाणीही मऊच आहे, आणि तिथली पिल्सनर ही फिकट लागर १८४२मध्ये जन्मली त्यात या पाण्याचा वाटा मोठा. आयपीए या कडवट, सुगंधी बिअरसाठी मात्र मऊ पाणी अपुरं पडतं. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा करकरीत लागायला सल्फेट हवं, म्हणून पाण्यात जिप्सम घालतात. काळ्या स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) आम्लता सावरायला थोडा सोडा किंवा चुन्याचा क्षार लागतो. मुंबईतली एखादी आयपीए जिभेवर बोथट लागली तर हॉप्सना दोष देण्याआधी पाण्याचा विचार करावा.

नळाच्या पाण्यात एक गोष्ट नको असते, ती म्हणजे क्लोरीन. शुद्धीकरणासाठी ते लागतंच, पण माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग झाला की बँडेजसारखा, दवाखान्यासारखा वास येतो. तो इतका तीव्र असतो की अब्ज भागांत काही भाग एवढा अंशही नाकाला कळतो. उपाय स्वस्त आहे. पाणी ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या फिल्टरमधून संथपणे जाऊ द्यायचं, किंवा चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. कार्बन वेळेवर बदलला नाही की हा वास हळूच परत येतो, आणि रोज तिथेच वावरणाऱ्यांच्या नाकाला तो जाणवेनासा होतो. गिऱ्हाइकाने सांगितलं तरच कळतो.

आता धान्य. पाच टक्के अल्कोहोलची ५०० लिटर बिअर करायला साधारण १०० किलो माल्ट लागतं, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपल्याकडे तिला जव म्हणतात. ते रोलर मिलमध्ये भरडतात. भरड नेमकी हवी: दाणा फुटला पाहिजे, पण टरफल शक्यतो अखंड राहिलं पाहिजे, कारण पुढे याच टरफलांच्या थरातून रस गाळायचा असतो. पीठ जास्त झालं की तो थर चिखलासारखा बसतो आणि गाळणं थांबतं. पावसाळ्यात याची वेगळी अडचण. चांगल्या माल्टमध्ये चार-पाच टक्केच ओलावा असतो. उघडं पोतं जुलैच्या हवेत राहिलं की माल्ट सादळतं, रोलरखाली फुटण्याऐवजी चेपतं, आणि त्यातून साखर कमी उतरते. त्यात सोंडेही पडतात. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि तोंडं घट्ट बांधून ठेवावी लागतात. हॉप्स तर फ्रीझरमध्ये, हवा काढलेल्या पाकिटांत.

भरडलेलं माल्ट ३०० लिटरच्या आसपास गरम पाण्यात तासभर भिजतं. यालाच मॅश म्हणतात आणि बिअर अंगाने कशी असणार ते इथे ठरतं. माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ६३-६४ अंशांवर यीस्टला पूर्ण खाता येईल अशी साखर जास्त होते, बिअर हलकी आणि कोरडी होते. ६८-६९ अंशांवर यीस्टला न पचणारी साखर उरते, बिअर भरीव आणि गोडसर लागते. चार-पाच अंशांचा हा फरक, पण दुसऱ्या ग्लासाची इच्छा होणार की नाही हे त्यावर अवलंबून. माझं मत विचाराल तर मुंबईच्या दमटपणात कोरडी बिअरच शोभते. ऑक्टोबरच्या उकाड्यात जड, गोडसर ब्लाँड (फिकट सोनेरी बिअर) अर्ध्यावरच कंटाळा आणते.

गव्हाच्या बिअरमध्ये निम्मा किंवा त्याहून जास्त गहू असतो, आणि गव्हाला टरफल नाही. त्यामुळे मॅश अडकते, टाकीच्या तळातून रस यायचा बंद होतो. मग ढवळून परत थर बसू द्यायचा, यात तास जातो. शहाणा माणूस आधीच धुतलेला भाताचा तूस मिसळून ठेवतो. १०० किलो धान्याला चार-पाच किलो तूस पुरतो, चवीत काही फरक पडत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू इथे फार कामाची आहे, ती म्हणजे पोहे. बिअर हलकी करायला तांदूळ घालायची रीत जगभर आहे, पण कच्च्या तांदळाचा स्टार्च फुलायला मॅशपेक्षा जास्त तापमान लागतं, म्हणून तो आधी वेगळा शिजवावा लागतो. ज्वारी-बाजरीचंही तेच. पोह्यांचा भात आधीच भिजवून, भाजून चेपलेला असतो, त्यामुळे ते थेट मॅशमध्ये टाकता येतात. एकूण धान्याच्या १० ते २० टक्के जाड पोहे घातले की बिअर फिकट, खुसखुशीत आणि कोरडी होते. तांदळाला स्वतःची एन्झाइम्स नसतात, तो बार्लीच्या जिवावर साखर होतो, म्हणून प्रमाण फार वाढवून चालत नाही. कुठल्या टॅपरूमच्या फळ्यावर तांदळाची किंवा पोह्यांची लागर दिसली तर जरूर घ्यावी. या हवेला तिच्याइतकी अनुरूप बिअर मला दुसरी सुचत नाही.

गाळलेला गोड रस, वर्ट, तास-दीड तास उकळतात. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी घातलेले वास. उकळी जोरकस आणि झाकण उघडं हवं. फिकट माल्टमधून उकळताना एक गंधकयुक्त वास सुटतो, तो वाफेबरोबर निघून गेला नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो. उरलेला धान्याचा चोथा ओला असताना शंभर किलोंहून जास्त भरतो आणि मुंबईच्या हवेत एका दिवसात आंबतो. गुरांना तो उत्तम खाद्य, पण तबेल्यात त्याच दिवशी पोचला तर.

मग येतं थंड करणं, आणि इथे मुंबई आपला इंगा दाखवते. उकळता वर्ट पत्र्यांच्या कूलरमधून नेतात, एका बाजूने वर्ट, दुसऱ्या बाजूने पाणी. थंड देशांत नळाचं पाणीच १०-१२ अंशांचं असतं, एका फेरीत काम होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतलं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, त्याने वर्ट त्याखाली जाणं शक्यच नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात चिलरचं थंड पाणी किंवा ग्लायकॉल (सहज न गोठणारा थंड द्रव) लागतं, आणि वर्ट १८ अंशांपर्यंत आणावा लागतो. चिलर छोटा असेल तर घाईत यीस्ट २६-२८ अंशांवरच टाकायचा मोह होतो. त्यातून जी बिअर निघते तिला थिनरसारखा वास येतो आणि ती घशाला टोचते. पुढे आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, टाकी आतून काही अंशांनी तापते, म्हणून तिच्या दुहेरी भिंतीतून ग्लायकॉल खेळवत राहावं लागतं.

जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हे तापमान थेट चाखता येतं. तिचा केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टच घडवतं, त्यात केळं किंवा लवंग काही घातलेलं नसतं. टाकी १७-१८ अंशांवर राखली तर लवंग आणि केळं जोडीने येतात. २३-२४वर गेली की लवंग दबते आणि केळ्याच्या शिकरणीसारखा गोड वास उरतो. पहिल्या घोटात नुसतंच पिकलं केळं जाणवलं तर टाकी तापली असावी असा अंदाज बांधायला हरकत नाही. बेल्जियन विटबिअरची गोष्ट वेगळी, तिच्यात खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. धणे भरडून, उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. जास्त झाले की बिअरला मसाल्याच्या डब्याचा वास येतो.

साध्या एलला, म्हणजे जरा उबेत लवकर आंबणाऱ्या बिअरला, दोन-तीन आठवडे लागतात, खऱ्या लागरला पाच ते आठ. टाक्या मोजक्या असलेल्या टॅपरूममध्ये लागर ठेवणं म्हणजे तेवढा काळ एक टाकी अडकवणं, म्हणून फळ्यावर लागर कमी दिसतात. एखाद्या जागेने ती मनापासून ठेवली असेल तर त्यांचं कौतुक करावं.

यानंतर बिअर टाकीतून ग्लासात येते, आणि मुंबईत सर्वाधिक बिअर याच शेवटच्या टप्प्यात बिघडते असं मला वाटतं. नियम साधा आहे. बिअर थंड असेल तर कार्बन डायऑक्साइड तिच्यात विरघळून राहतो, गरम झाली की सुटतो. ३ अंशांवर बिअरमध्ये नेहमीइतका वायू धरून ठेवायला सुमारे १२ पीएसआय दाब पुरतो. तीच बिअर १० अंशांवर गेली तर तेवढ्याच वायूसाठी सुमारे १८ पीएसआय लागतो. आता केग थंड खोलीत ३ अंशांवर आहे, पण नळी छताच्या वरून, एसीच्या गरम वाऱ्याजवळून बारपर्यंत आली आहे अशी कल्पना करा. नळीतली बिअर तापते, वायू सुटतो, नळातून नुसता फेस येतो. बारवाला दाब कमी करतो. फेस थोडा वेळ कमी होतो, पण आता केगमधलाच वायू हळूहळू निघून जातो आणि दोन दिवसांनी बिअर पचपचीत होते. मग कुणीतरी दाब वाढवतो. हा खेळ कित्येक बारमध्ये अखंड चालू असतो आणि फेसाखाली रोज कितीतरी बिअर मोरीत जाते. खरा इलाज दाबात नाही, नळीत आहे. बिअरच्या नळ्यांबरोबर थंड ग्लायकॉलची नळी एकाच जाड वेष्टनात बांधून थेट नळाच्या खांबापर्यंत न्यावी लागते, आणि तो खांबही आतून थंड लागतो. खांबाला हात लावून बघा. गार लागला, त्यावर दव जमलं असेल, तर काम नीट केलेलं आहे.

नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात: दोन टक्के कॉस्टिक सोड्याचं कोमट द्रावण पंधरा मिनिटं फिरवायचं, मग स्वच्छ पाणी, आणि तीन महिन्यांतून एकदा आम्ल, कारण कॉस्टिकने न जाणारा क्षारांचा पापुद्रा आम्लानेच सुटतो. हे टाळलं की नळीत जिवाणू घर करतात. मग सगळ्या नळांच्या बिअरमध्ये एकच आंबटपणा किंवा लोण्याचा वास येऊ लागतो. एकाच बिअरमध्ये लोणी जाणवलं तर आंबवण अर्धवट राहिलं असेल, यीस्टला हा वास देणारा पदार्थ परत शोषायला वेळ मिळाला नसेल. सगळ्यांत जाणवलं तर नळ्यांवर संशय घ्यावा.

ग्लासही तितकाच बोलका. बिअर ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले तर काचेवर तेलकटपणा आहे, बहुधा फडक्याने पुसल्याचा किंवा तळणीच्या भांड्यांबरोबर धुतल्याचा. स्वच्छ ग्लासात बुडबुडे फक्त वर जातात आणि प्रत्येक घोटाला फेसाचं एक वलय मागे राहतं. ग्लास उलटा ठेवून हवेवर वाळवायचा, आणि ओतण्याआधी गार पाण्याने आतून खंगाळायचा. फ्रीझरमधून काढलेला, बर्फाचा थर चढलेला ग्लास दिसायला मोहक असतो, पण त्या स्फटिकांवर बिअर फेसाळते आणि वास मरतो. नम्रपणे साधा ग्लास मागावा. ओतताना ग्लास ४५ अंशात तिरका, शेवटी सरळ, वर दोन बोटं फेस, आणि नळाचं तोंड बिअरमध्ये कधीही बुडता कामा नये. फेस नको म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की वास त्या फेसातूनच येतो.

काय मागवायचं? नव्या खानावळीत वरण-भात खाऊन बघावा, तशी नव्या टॅपरूममध्ये सगळ्यात साधी बिअर आधी घ्यावी: ब्लाँड, लागर किंवा विट. तिच्यात लपायला जागा नसते. हॉप्सचा मारा किंवा भाजलेल्या माल्टचा काळेपणा पुष्कळ दोष झाकतो. कच्च्या सफरचंदाचा वास आला तर बिअर घाईने काढली आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागली आहे किंवा ती जुनी झाली आहे. सॅम्पलर, म्हणजे वेगवेगळ्या बिअरचे छोटे ग्लास, घेतलात तर हलक्याकडून जडाकडे जावं, आयपीए शेवटाकडे ठेवावी, कारण तिच्यानंतर जिभेला विट पाण्यासारखी लागते. मधे पाणी प्यावं, मसाला पापड नंतर मागवावा. स्टाउट आला की लगेच पिऊ नये, हातात दहा मिनिटं धरावा. ४ अंशांवर तो नुसता कडू असतो, १० अंशांवर कॉफी आणि कोको उघडतात.

फळांच्या बिअरबद्दल थोडं. हापूसचा हंगाम आला की आंब्याची बिअर येते आणि अनेकांची निराशा होते. आंब्याची साखर यीस्ट खाऊन टाकतं, आणि गोडवा गेला की मागे थोडा वास आणि आंबूस चव उरते. ज्यांना हे ठाऊक आहे ते रस मुख्य आंबवण संपल्यावर, आधी ७०-७५ अंशांपर्यंत तापवून, लिटरला १०० ते २०० ग्रॅम घालतात आणि परत आंबू देतात. न थांबता केगमध्ये भरलं तर साखर आतच आंबते, दाब चढतो आणि नळातून फेसाचा फवारा येतो. कोकम मला जास्त योग्य वाटतं. त्याचा आंबटपणा आणि रंग आंबवणानंतरही टिकतो, फक्त ते शेवटी घालावं, मॅशमध्ये घातलं तर आम्लता बिघडून एन्झाइम्सचं काम अडतं.

जाण्याआधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी वयाची अट २१ आहे, तीव्र मद्यासाठी २५, आणि १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे पिण्याचा परवाना आजही लागतो, एक दिवसाचा बारमध्येच मिळतो. २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदानाच्या आसपासचे दिवस बंद. गाडी घरी ठेवावी, लोकल किंवा रिक्षा आहेच.

घरी न्यायला ग्राउलर (नळाची बिअर भरून देतात ती मोठी बाटली) मिळत असेल तर तो भरताना बघावा. नळाला लांब नळी लावून बाटलीच्या तळापासून भरला पाहिजे, आधी आतली हवा कार्बन डायऑक्साइडने काढून टाकलेली असली तर उत्तम, आणि फेस तोंडाशी आल्यावरच झाकण लावलं पाहिजे. वरून धो-धो ओतलेला ग्राउलर दुसऱ्या दिवशीच पुठ्ठ्याकडे झुकतो. विरार किंवा कल्याण गाठायचं असेल तर बर्फाच्या पिशवीत न्यावा, घरी पोचताच फ्रिजमध्ये उभा ठेवावा. न उघडता दोन-तीन दिवस ठीक, उघडल्यावर त्याच रात्री संपवावा. रिकामा झाला की लगेच गरम पाण्याने धुऊन, साबण न लावता, झाकण काढून उलटा वाळवावा.